साताऱ्यात राहून फोटोग्राफी शिकायची आहे: ऑटो मोडमधून बाहेर कसं पडायचं?

रविवारची_पायपीट

नमस्कार मंडळी,

कॅमेरा कॅनॉन १५००डी. सोबत आलेली १८-५५ आयएस लेन्स आहे आणि ५५-२५० आहे. ट्रायपॉड नाही, फिल्टर नाही. मुक्काम साताऱ्यात, मोकळा वेळ रविवारी सकाळी आणि आठवड्यातली एखादी संध्याकाळ. आजवरचे सगळे फोटो हिरव्या ऑटो मोडवरचे आहेत. पुढच्या चार ठिकाणी हमखास चुकतं:

अजिंक्यताऱ्यावरून शहर पांढुरकं, धुरकट येतं. यवतेश्वर घाटातलं धुकं डोळ्याला पांढरंशुभ्र दिसतं, फोटोत मात्र करडं आणि मळकट. राजवाड्याजवळच्या चौपाटीवर दिवेलागणीला काढलेल्या फोटोंत गाड्यावरचं सामान स्पष्ट असतं, माणसं मात्र हललेली. आणि कासला फूल जवळून घेतलं की एक पाकळी नीट, बाकी सगळं पुसट.

कशापासून सुरुवात करावी? काही विकत घ्यायचं झालं तर आधी काय? पुढे वाई-मेणवली आणि सांगलीलाही जायचं आहे. शिकण्याचा क्रम सांगितलात तर फार बरं होईल.

माहुलीकाठ

चारही चुकांची कारणं वेगळी आहेत आणि एकीलाही नवा कॅमेरा लागत नाही. हे आधी सांगतो, कारण पहिल्या महिन्यातच लोक खरेदीकडे वळतात आणि शिकणं मागे पडतं.

सगळ्यात आधी धुकं घेऊ. त्यातून कॅमेरा विचार कसा करतो ते कळतं आणि पुढचं निम्मं काम सोपं होतं. कॅमेऱ्यातला मीटर (उजेड मोजणारा भाग) समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून चालतो. घाटात समोर सगळं पांढरं असलं तरी त्याला ते करडंच करायचं असतं, म्हणून तो उजेड कमी घेतो. डायल 'एव्ही'वर आणा (यात ॲपर्चर, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा आकार, तुम्ही ठरवता; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), ॲपर्चर एफ/८ ठेवा, मागचं अधिक-उणे चिन्हाचं बटण दाबून धरा आणि वरचं चाक फिरवून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +२/३ ते +१ करा. धुकं पांढरं येईल. उलट संगम माहुलीची देवळं काळ्या दगडाची आहेत. फ्रेममध्ये काळा दगड जास्त असला की कॅमेरा त्यालाही करडा करायला जातो आणि दगड फिका पडतो. तिथे -२/३ करा. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे, एवढं पाठ करा. काम झालं की ते पुन्हा शून्यावर आणायला विसरू नका, कॅमेरा बंद केला तरी ते तसंच राहू शकतं. घाटातला +१ घेऊन खाली शहरात उन्हात आलात तर सगळे फोटो पांढरेफट्ट येतील.

स्क्रीनवर फोटो कसा दिसतो यावर विसंबू नका. उन्हात स्क्रीन काळपट वाटते, रात्री उजळ. फोटो बघताना 'डिस्प' बटण दाबून हिस्टोग्राम उघडा, म्हणजे डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं किती आहे हे दाखवणारा आलेख. त्यातला डोंगर उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला असेल तर उजळ भागातला तपशील गेला, तो नंतर परत येत नाही. डावीकडे थोडा कापला गेला तर एक वेळ चालतं.

आता अजिंक्यतारा. किल्ला दक्षिणेला आणि शहर त्याच्या उत्तर पायथ्याशी, म्हणजे तटावरून शहराकडे बघताना तोंड उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेच्या बाजूने फिरतो, त्यामुळे दिवसभर तो पाठीमागे किंवा बाजूला राहतो. फोटो काढायला ही चांगली गोष्ट. पण सकाळी लवकर डोंगराची स्वतःची सावली पायथ्याच्या पेठांवर असते आणि थंड हवेत धूर-धुकं खाली साचलेलं असतं. तुमचा पांढुरका फोटो तिथून येतो. त्यावर कॅमेऱ्यात जितके उपाय आहेत त्यापेक्षा घड्याळात जास्त आहेत: पावसाची सर येऊन गेल्यानंतरचा एक-दीड तास, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमधली धुतलेली हवा. लेन्सचं पुढचं भिंग पुसा. त्यावर स्वस्त यूव्ही फिल्टर बसवलेला असेल तर तो काढा, त्याने धुरकटपणा वाढतो. लेन्सला हूड (बाजूचं ऊन आडवणारी पुढची कडी) लावा. ५५-२५०ने दूरचं ओढून घ्याल तितकी मधली हवा फोटोत जास्त येते. म्हणून आधी १८-५५वर काढा आणि फ्रेमच्या कडेला तटाचा दगड किंवा झुडूप घ्या. जवळचं काहीतरी गडद दिसलं की मागचा फिकेपणा खोलीसारखा वाटतो, चूक वाटत नाही.

चौपाटीवरचा प्रश्न शटर स्पीडचा. संध्याकाळी ऑटो मोड १/१५ किंवा १/३० सेकंदापर्यंत खाली उतरतो. लेन्समधलं आयएस हाताचा थरकाप सावरतं, चालणाऱ्या माणसाला थांबवू शकत नाही. म्हणून गाडा स्पष्ट आणि माणूस पुसट. अशा वेळी डायल 'टीव्ही'वर (यात शटर किती वेळ उघडं राहणार ते तुम्ही ठरवता), शटर १/२५०, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो आणि मेनूत त्याची कमाल मर्यादा ३२००. व्ह्यूफाइंडरमध्ये ॲपर्चरचा आकडा लुकलुकला तर उजेड पुरत नाही असं समजा आणि शटर १/१२५वर आणा. आयएसओ ३२००चा रवा (फोटोतले बारीक दाणे) दिसतो, पण रवाळ स्पष्ट फोटो हा गुळगुळीत हललेल्या फोटोपेक्षा केव्हाही चांगला.

स्थिर वस्तूसाठी हाताचा हिशेब असा: लेन्सचे मिलिमीटर गुणिले १.६, आणि शटर त्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. १८वर १/३०, ५५वर १/१००, २५०वर १/४००. आयएस चालू असेल तर यापेक्षा दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) खाली जाता येतं, पण आधी ही सीमा सांभाळायला शिका.

क्रम विचारलात. पहिला महिना फक्त 'एव्ही' आणि अधिक-उणे. फोकस 'वन शॉट'वर (एकदा पकडून तिथेच थांबणारा) आणि नऊपैकी फक्त मधला बिंदू, कारण या कॅमेऱ्यात तोच सर्वांत भरवशाचा आहे. ऑटोत कॅमेरा स्वतः बिंदू निवडतो आणि बहुतेक वेळा सर्वांत जवळच्या वस्तूवर जातो. बटण अर्धं दाबून फोकस पकडा, दाबून धरूनच फ्रेम हवी तशी सरकवा, मग पूर्ण दाबा. दुसरा महिना 'टीव्ही' आणि हलणाऱ्या वस्तू. मॅन्युअल मोड त्यानंतर. आणि जागा एकच धरा. राजवाडा ते मोती चौक हा पट्टा पुरेसा आहे. तोच रस्ता सकाळी ७ला, दुपारी १२ला, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी आणि दिवे लागल्यावर असा चार वेळा, दर वेळी ३० फोटोंच्या आत. दर रविवारी नवी जागा गाठली की फोटो बदलतो तो जागेमुळे की उजेडामुळे हे कधीच कळत नाही.

एफ_अकरा

वरच्या उत्तरात एक दुरुस्ती. चौपाटीवर १/२५० सांगितलंय ते रस्त्यावरच्या उजेडात ठीक, पण गाड्यांवरचे स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. १/२५० किंवा त्याहून वेगवान शटरने एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसऱ्यात आडवे पट्टे असा प्रकार होतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं कॅमेरा बिघडला. अशा दिव्यांखाली १/१०० ठेवा, फार तर १/५०. माणसं हलू नयेत म्हणून क्षण निवडा: भेळ कालवणारा हात थांबतो तेव्हा, पैसे देताना, घास तोंडाशी नेताना. माणूस सतत हलत नसतो. ते थांबे ओळखणं हाच शिकण्याचा भाग.

पांढऱ्या रंगाचाही गोंधळ तिथेच होतो. एका गाड्यावर पिवळा बल्ब, शेजारी निळसर एलईडी. यावर कोणतीही सेटिंग पूर्ण उपाय नाही. एकाच दिव्याखालचा चेहरा फ्रेममध्ये घ्या, दोन दिव्यांच्या मधला नको.

खरेदीबद्दल. ट्रायपॉड सगळे सांगतील. शहरात फिरायला शिकणाऱ्याने तो आधी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. ट्रायपॉड असला की माणूस एका जागी उभा राहतो. आधी एखादी लहान प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्या. ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ही तुमच्या १८-५५च्या ५५वरच्या एफ/५.६च्या तुलनेत जवळपास दहापट उजेड घेते. पण १५००डीवर ती ८० मिमीसारखी दिसते, आणि पेठेतल्या अरुंद बोळात मागे सरकायला जागाच उरत नाही. चेहरे, हात, दुकानातल्या वस्तू यांना उत्तम, रस्त्याला नाही. २४ मिमी एफ/२.८ एसटीएम रस्त्याला चांगली: चपटी, खिशात मावणारी, १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. मात्र किट लेन्सच्या तुलनेत उजेडाचा फायदा साधारण एकाच स्टॉपचा. अंधारासाठी ५०, चालण्यासाठी २४.

जुनी लेन्स घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च मागच्या भिंगातून आत टाका आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, ती लेन्स सोडून द्या. थोडी धूळ असली तर फोटोत काही दिसत नाही. जुन्या बॉडीची परीक्षा: एफ/१६ला आकाशाचा फोटो काढून झूम करा. कायम एकाच जागी येणारे काळे ठिपके सेन्सरवरची धूळ असते, ती साफ करता येते. ओरखडा मात्र जात नाही. आणि दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश घेण्याआधी कॅमेऱ्याच्या हॉटशूमध्ये (वरची फ्लॅश बसवायची खाच) मधली गोल पिन आहे का बघा. कॅननच्या अलीकडच्या काही स्वस्त बॉडींवर ती नसते, आणि नसेल तर साधा फ्लॅश पेटतच नाही.

सड्यावरचा

कासच्या फुलांबद्दल लिहितो. तिथे चूक कॅमेऱ्याची कमी आणि अंतराच्या हिशेबाची जास्त असते.

१८-५५ लेन्स ५५वर ठेवली की २५ सेंटिमीटरपर्यंत फोकस होते. हे अंतर लेन्सच्या टोकापासून मोजत नाहीत, सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला गोलातून आडवी रेघ गेलेली खूण आहे, सेन्सर तिथे. म्हणजे लेन्सचं तोंड फुलापासून साधारण १०-१२ सेंटिमीटरवर येतं. इतक्या जवळून सुमारे साडेसहा सेंटिमीटर रुंदीचा भाग फ्रेम भरतो. तेरडा, सोनकी, कवला (ज्याला लोक मिकी माऊस म्हणतात) यांना एवढं पुरतं. सीतेची आसवं, दवबिंदू, गेंदाचा एकटा गोंडा फ्रेममध्ये लहानच राहतात.

आता पुसटपणा. या अंतरावर एफ/५.६ला फोकसमध्ये राहणारी जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर, एफ/८ला साडेतीन, एफ/११ला पाचच्या आसपास. एक पाकळी स्पष्ट आणि बाकी पुसट येते ती यामुळे. म्हणून एफ/२२ करायला जाऊ नका. तिथे उजेड लहान छिद्रातून पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. एफ/११वर थांबा आणि कॅमेऱ्याचा कोन बदला: सेन्सर फुलाच्या तोंडाशी समांतर धरला की तीच पाच मिलिमीटर जाडी सगळ्या पाकळ्यांना पुरते. तिरक्या कोनातून वरून खाली काढलं की ती वाया जाते. आणि बटण अर्धं दाबून फ्रेम सरकवण्याची जी युक्ती वर सांगितली आहे ती इथे चालत नाही. सरकवताना शरीर दोन मिलिमीटर पुढेमागे झालं तरी फोकस गेला. इथे फुलावर पडणारा फोकस बिंदूच निवडा. नाहीतर लेन्सवरची कळ 'एमएफ'वर (हाताने फोकस) टाका आणि स्वतः इंचभर पुढेमागे झुलत तीन-चार फोटो घ्या. त्यातला एक हमखास लागतो.

पठारावर वारा असतोच. सकाळी लवकर तो कमी असतो. शटर १/३२०, आयएसओ ८०० ते १६००. वाऱ्याच्या बाजूला उघडी छत्री धरा. ती पांढरी असेल तर ऊन निघाल्यावर तीच फुलावर धरता येते, कडक सावली जाते. ढगाळ उजेड फुलांना सर्वांत चांगला, त्यामुळे ऊन नाही म्हणून खट्टू होऊ नका.

तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा यांत एक फसगत आहे. साधा पांढरा हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि तरी फुलाचा रंग सपाट, प्लॅस्टिकसारखा येतो. कारण लाल वाहिनी (फोटोतला फक्त लाल रंगाचा थर) एकटीच उजवीकडे कापली गेलेली असते. 'डिस्प' पुन्हा दाबून लाल-हिरवा-निळा वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम बघा आणि -१/३ ते -२/३ करा.

अजून जवळ जायचं असेल तर एक्स्टेंशन ट्यूब घ्या, ज्यांत काच नसते अशा पोकळ कड्या. विजेचे संपर्क असलेल्याच घ्या, साध्या कड्यांवर ॲपर्चर बदलता येत नाही. ५५वर २५ मिमीची कडी लावली की मोठेपणा दुपटीहून जास्त होतो, पण फोकसची जाडी एफ/११लाही दोन मिलिमीटरच्या आत येते. म्हणून ट्यूब दुसऱ्या हंगामासाठी ठेवा.

आणि हे मनापासून सांगतो. कासचा सडा म्हणजे जांभ्या खडकावरचा काही बोटं जाडीचा मातीचा थर. त्यावर गुडघा टेकला, बॅग ठेवली की पुढच्या वर्षीचं बी दबतं. पायवाट सोडू नका. वाटेच्या कडेला हवं ते फूल नसेल तर ५५-२५० काढा. ती साधारण एक मीटरवरून फोकस होते आणि २५०वर मागचा भाग सुंदर विरघळतो. २०१२पासून कास जागतिक वारशात आहे, हंगामात आधी नोंदणी करून जावं लागतं, तेव्हा शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळून मधला वार धरा. टोपली कारवी फुललेली असेल त्या वर्षी गर्दी आणखी वाढते, ती दर सात वर्षांनी फुलते.

रविवारची_पायपीट

सगळ्यांचे आभार. बटणं हातात घेऊन वाचतोय. तीन शंका:

१. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढावं का? मोबाइलवर उघडत नाही.
२. पावसाळ्यात कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवावा असं बरेच जण सांगतात. बरोबर आहे का?
३. ठोसेघरचं पाणी रेशमासारखं येतं ते ट्रायपॉडशिवाय जमेल का?

कोरडा_डबा

दुसऱ्या शंकेचं उत्तर आधी, कारण त्यात नुकसान आहे. तांदूळ नको. त्यातून पिठूळ धूळ निघते, ती झूमच्या खाचेतून आत जाते, आणि तांदूळ हवेतला ओलावा फार कमी ओढतो. कपाटातल्या डांबरगोळ्याही लेन्सजवळ नकोत. कॅमेऱ्याची बॅग ही तर सर्वांत वाईट जागा: स्पंज ओलावा धरून ठेवतो आणि आत अंधार. बुरशीला दोन्ही लागतं.

स्वयंपाकघरातला रबरी कडा असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा घ्या, ८-१० लिटरचा. त्यात २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. ६०च्या वर दिवसेंदिवस राहिला की बुरशी धरते. ३०च्या खालीही नेऊ नका, रबर आणि वंगण सुकतं. रंग बदलणारं जेल घ्या, त्यातही नारिंगी. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते घरात लहान मुलं असताना नको. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दीड तास तापवा, पूर्ण थंड करा आणि मगच डब्यात घाला. गरम जेल डब्यात घातलं तर प्लॅस्टिक वाकतं आणि कॅमेराही तापतो. तापवायचं भांडं वेगळं ठेवा, ते पुन्हा अन्नाला वापरू नका. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला कॅमेरा बाहेर काढून दहा-वीस फोटो काढा. वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

गाडीने कासला जात असाल तर यवतेश्वरचा चढ सुरू झाला की एसी बंद करा आणि काचा उघडा. एसीत थंड झालेला कॅमेरा दमट हवेत काढला की भिंगावर दव धरतं, कधी आतल्या बाजूनेही. धरलंच तर लेन्स काढू नका, पुसत बसू नका. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून २०-३० मिनिटं तसाच ठेवा.

पावसात: दुधाच्या पिशवीपेक्षा जाड अशी पारदर्शक पिशवी, कोपऱ्यात लेन्सच्या तोंडाएवढं भोक, हूडवर रबरबँड. मागून हात आत घालायचा. सोबत सुती पंचा कॅमेऱ्यासाठी आणि मायक्रोफायबरचं फडकं फक्त भिंगासाठी. ही दोन्ही अदलाबदल झाली की भिंगावर ओरखडे येतात. पावसात लेन्स बदलू नये. सकाळी ठरवा ती लेन्स दिवसभर.

एफ_अकरा

पहिली शंका: रॉ आणि जेपेग दोन्ही एकत्र काढा. मेनूत ती निवड आहे. जेपेग लगेच पाठवायला, रॉ शिकायला. १५००डीची रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची, म्हणजे फक्त रॉ काढलं तर ३२ जीबीच्या कार्डात हजारच्या आसपास मावतात. ६४चं एक कार्ड घेण्यापेक्षा ३२ची दोन घ्या. एक बिघडलं तर निम्मा प्रवास तरी वाचतो. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, संगणकावर नाही, आणि फोटो दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय करू नका. प्रवासात लहान ओटीजी कार्ड रीडर बरोबर ठेवा, वायफायने शेकडो फोटो उतरवण्यात बॅटरी जाते. संगणकावर रॉ उघडायला कॅननचं डीपीपी हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, डार्कटेबल आणि रॉथेरपीही मोफत आहेत. सुरुवातीला फक्त तीन गोष्टी हलवा: एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल), आणि उजळ भाग खाली ओढणारी पट्टी. 'क्लॅरिटी'ला हात लावू नका, त्याने डोंगर कोरडे आणि चेहरे खरबरीत होतात.

तिसरी: ठोसेघरला ट्रायपॉडशिवाय जमतं, पण फिल्टर लागतो. दाट ढगाळ सकाळी आयएसओ १००, एफ/११ला साधारण १/१५ मिळतं. त्यावर ५८ मिमीचा सीपीएल (चकाकी कापणारा पोलरायझिंग फिल्टर) लावा (तुमच्या किट लेन्सचा आकडा ५८ असतो, झाकणाच्या आत लिहिलेला आहे). तो दीड ते दोन स्टॉप उजेड खातो आणि शटर १/४वर येतं. पाण्याचे धागे तिथून दिसायला लागतात. शिवाय ओल्या खडकाची आणि पानांची चकाकी जाते आणि हिरवा रंग वर येतो, तो खरा फायदा. कठड्यावर बॅग ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवा, आयएस बंद, २ सेकंदांचा टायमर. पट्टा मनगटात अडकवलेला ठेवा. पूर्ण सेकंदाची भट्टी जमवायला गेलात तर पाण्याचा पांढरा लोळ होतो, त्यात धागा उरत नाही. १/४ ते १/२ पुरे. हा सीपीएल अजिंक्यताऱ्यावरही उपयोगी: सूर्य खांद्याच्या रेषेत असताना त्याचा परिणाम सर्वांत जास्त, सूर्य थेट पाठीमागे किंवा समोर असेल तर जवळपास शून्य. माझ्या यादीत लेन्सनंतर हाच, ट्रायपॉड त्याच्यानंतर.

माहुलीकाठ

ट्रायपॉडबद्दल माझं मत वेगळं आहे. सूर्यास्तानंतर २०-३० मिनिटांनी शहराचे दिवे आणि आकाशाचा निळा यांचा तोल जमतो. तो फोटो आयएसओ १००, एफ/८, ४ ते ८ सेकंद असा निघतो आणि हातात धरून निघत नाही. उघड्या व्ह्यूफाइंडरमधूनही मागचा उजेड आत शिरतो, तो झाकायची रबरी टोपी कॅननच्या पट्ट्यालाच ओवलेली असते. फक्त किल्ल्यावर अंधार पडेपर्यंत थांबू नका. हा फोटो खालच्या रस्त्याच्या वळणावरूनही मिळतो.

माहुलीला जाणार असाल तर एक विनंती. तिथे अंत्यविधी होतात. त्या दिशेला लेन्स वळवू नका, दुरूनही नाही. घाटावर धुणं धुणाऱ्या, अंघोळ करणाऱ्या बायामाणसांचे फोटोही नकोत. देवळात आधी पाटी वाचा, पाटी नसेल तर पुजाऱ्यांना विचारा. मंडईत फोटो काढायचा तर आधी काहीतरी विकत घ्या, दोन शब्द बोला, "मावशी, एक फोटो घेऊ का?" असं विचारा, आणि काढल्यावर दाखवा. नाही म्हणाल्या तर नाही. हो म्हणून त्या नीट बसल्या की तो पहिला फोटो आखडलेला येतोच. कॅमेरा खाली घेऊ नका, गिऱ्हाइक येऊ द्या. त्या पुन्हा कामाला लागल्या की तेव्हाचा फोटो घ्या.

कृष्णाकाठ_सांगली

सांगलीला येणार म्हणता तर हळदीच्या बाजाराचं सांगतो, बाहेरून येणारे तिथे दोन चुका करतात. समोर सगळी हळदच असली की ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं उजेडच पिवळा आहे. तो निळा मिसळतो आणि हळद मळकट, माणसांचे सदरे निळसर होतात. व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर ठेवा, शेडच्या सावलीत असाल तर 'शेड'वर. दुसरी चूक, तिथे लेन्स बदलणं. हळदीची भुकटी हवेत असते, सेन्सरवर बसली की पुसून निघत नाही, चिकटते. घरून निघतानाच १८-५५ लावा आणि बाहेर आल्यावर आधी फुंकणीने बॉडी साफ करा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जातात.

आयर्विन पूल (१९२९) घाटावरून घ्यायचा तर पहाटे. कमानी आणि त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब दोन्ही हवं असेल तर वारा सुटायच्या आत, आणि कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ तितकं प्रतिबिंब पूर्ण. मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात उजेड फक्त दारातून येतो. कारागिराचा चेहरा दाराकडे असेल अशा बाजूला उभे राहा, दारात उभे राहू नका. तुमचीच सावली त्यांच्या कामावर पडते, फोटोही जातो आणि त्यांचं कामही अडतं. ५० मिमी, एफ/२, १/१२५, आयएसओ ८००च्या आसपास.

रविवारची_पायपीट

सीपीएल आणि ५० मिमी यादीत टाकले. शेवटचा प्रश्न: वाईला जाताना लिंबची बारा मोटांची विहीर वाटेत आहे. जिन्यातून बघताना एकतर जिना काळा येतो नाहीतर बाहेरचं उन्हातलं पांढरं. दोन्ही कसं दाखवायचं?

माहुलीकाठ

एका फोटोत पूर्ण दोन्ही नाही. विहीर सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद. डिसेंबरात भर दुपारीही आपल्याकडे सूर्य ५० अंशांच्या आतच असतो, त्यामुळे ऊन उत्तरेच्या भिंतीवर अर्ध्यापर्यंतच उतरतं आणि खालचं सगळं सावलीत राहतं. मे महिन्यात आणि जुलैअखेर सूर्य डोक्यावर येतो तेव्हा ते तळाकडे जातं. तुमची अडचण उन्हाच्या पट्ट्यामुळे आहे, म्हणून ढगाळ दिवस धरा किंवा सकाळी लवकर जा, विहीर पूर्ण सावलीत असताना. तेव्हा जिना आणि बाहेर यांतला फरक बराच कमी असतो.

ऊन असेलच तर मीटरिंग 'पार्शल' (फक्त मधल्या भागावरून उजेड मोजणारं) करा, मधला भाग उजळ भिंतीवर धरा, अंगठ्याजवळचं तारकेचं बटण दाबून एक्स्पोजर अडकवा, मग फ्रेम लावा. रॉमध्ये जिना नंतर दोन स्टॉप उचलता येतो, जळलेली भिंत खाली आणता येत नाही. किंवा मेनूतून एक्स्पोजर ब्रॅकेटिंग ±२ (एक नेहमीचा, एक गडद, एक उजळ फोटो) करून कठड्याला टेकून तीन फोटो घ्या आणि संगणकावर जोडा.

१८वर कॅमेरा वर किंवा खाली झुकवला की भिंती आत पडल्यासारख्या दिसतात. कॅमेरा सपाट धरा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघत काढताना) जाळीच्या रेषा चालू करा आणि फ्रेममध्ये खाली नको तेवढा भाग येऊ द्या, तो नंतर कापा. नक्षीतले शरभ आणि इतर शिल्पं समोरून सपाट येतात. बाजूने उजेड येत असेल तेव्हाच काढा, दगडातला उठाव त्या सावलीनेच दिसतो. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं. कॅमेरा गळ्यात न ठेवता बॅगेत घालून उतरा, दोन्ही हात मोकळे हवेत.